राजा आपला असतो तेव्हा

ख्रिस्ती लोकांना आवडणारा नेता सत्तेवर आला, नाहीतर एखादा विश्वासणारा माणूस मंत्री वगैरे झाला की बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातलं एक वचन हमखास ऐकायला मिळतं, की कोण जाणे, अशाच वेळेसाठी तू या पदाला पोचली असशील. अभिनंदनाचं वचन झालंय ते आता. पण तो अध्याय जरा उघडून वाचा, पारसी राजाची राणी झालेल्या यहूदी एस्तेरला तिचा नातेवाईक मर्दखय ते सांगतोय, यहूद्यांच्या कत्तलीचा हुकूम निघाल्यावर, आणि तो अभिनंदन करत नाहीये, जवळजवळ धमकावतोय तिला. आधीचं वाक्य काय आहे बघा: राजवाड्यात आहेस म्हणून तू एकटी वाचशील असं समजू नकोस, तू गप्प बसलीस तर यहूद्यांची सुटका दुसरीकडून कुठून तरी होईलच, पण तू आणि तुझ्या बापाचं घराणं बुडेल. आणि एस्तेरही काही पटकन तयार झालेली नाही. मर्दखय गोणपाट नेसून राजवाड्याच्या दारापर्यंत आलाय हे कळल्यावर तिने आधी काय केलं, तर त्याला नेसायला धड कपडे पाठवले! मग कायदा सांगितला की न बोलावता आतल्या चौकात जाईल त्याला मरण, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच सुटका, आणि मला तर ३० दिवस झाले बोलावणं नाही. तिच्या आधीची राणी वश्ती एका नकारापायी पदावरून गेली होती, तेव्हा ही भीती काही मनाची नव्हती. एवढं सगळं झाल्यावर मग तीन दिवसांचा उपास आणि ते "मेले तर मेले".

म्हणजे ज्या वचनाने आपण लोकांना खुर्चीवर बसवतो ते वचन मुळात खुर्ची पणाला लावायला सांगतंय.

मला हे लिहावंसं वाटलं कारण ख्रिस्ती वर्तुळात विश्वास आणि सत्तेवर बोलणं निघालं की 'धैर्य' या नावाखाली बहुतेक वेळा जे चालतं ते विरोधकांवर ओरडणं असतं. समोरच्या पक्षाचा, समोरच्या विचारांचा, ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळणार नाहीये त्या माणसाचा निषेध. त्याला फारसं धैर्य लागत नाही हो, आपलेच लोक टाळ्या वाजवतात. शास्त्रात पाहिलं तर जड प्रसंग वेगळाच आहे. राजा आपला असतो, आपल्याच देवाचं नाव घेणारा असतो, कधी कधी आपणच अभिषेक केलेला असतो, आणि ज्याच्यासाठी बोलायचं असतं तो मात्र आपला कोणीच नसतो.

आता कोणी म्हणेल फारोसमोरचा मोशे? नबुखद्नेस्सर राजाने आगीच्या भट्टीत टाकलेले शद्रख, मेशख, अबेद्नगो? आहेत की, नाकारतंय कोण. पण त्यांच्यावर संदेश देणं सोपं जातं, कारण ऐकणारा प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःला भट्टीत उभा करतो आणि राजा मात्र नेहमी दुसरा कोणीतरी असतो. दावीद राजाच्या काळच्या नाथान संदेष्ट्याकडे या. दावीदाचं घराणं कायम टिकेल हे वचन ज्या तोंडातून आलं (दुसरं शमुवेल, सातवा अध्याय) त्याच तोंडातून पाच अध्यायांनंतर "तो माणूस तूच" येतं. आणि कोणासाठी? उरीयासाठी, ज्याची बायको दावीदाने घेतली आणि ज्याला लढाईत मारवलं. उरीया हित्ती, म्हणजे परक्या वंशाचा माणूस, शिवाय तोवर मेलेलाही. त्याच्या बाजूने बोलून नाथानाला मिळणार काय होतं? पण तो बोलला, आणि ज्याच्या घराण्याला त्याने आशीर्वाद सांगितला होता त्यालाच बोलला. अहाब राजाला हव्या असलेल्या नाबोथाच्या मळ्याचंही तसंच, तिथे एलीया संदेष्टा येतो तेव्हा नाबोथ दगडमाराने मेलेला आहे, आणि तेही सगळं कायदेशीर दोन साक्षीदार उभे करून, उपास जाहीर करून, म्हणजे धर्माच्या नावाने.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा अध्याय पहिल्या राजांचा २२ वा. मंडळीत त्यावर फार कमी बोललं जातं. इस्राएलचा राजा अहाब याला अराम्यांच्या ताब्यातलं रामोथ-गिलाद हे नगर परत जिंकायचंय. यहूदाचा राजा यहोशाफाट त्याच्याकडे आलाय, हा चांगला, देवभीरू राजा. दोघं शोमरोनच्या वेशीजवळ खळ्यात राजवस्त्रं घालून सिंहासनावर बसलेत आणि समोर सुमारे ४०० संदेष्टे, सगळे एका सुरात, चढाई कर, प्रभू तुला यश देईल. हे बआल या परक्या देवाचे नाहीत बरं का, हे परमेश्वराच्या नावाने बोलतायत. त्यातला सिद्कीया बिन कनाना तर लोखंडाची शिंगं करून आलाय, यांनी तू अराम्यांना ढुशा मारशील म्हणून. म्हणजे नाट्यही भरपूर.

यहोशाफाटाला कुठेतरी खटकतं. तो विचारतो, इथे परमेश्वराचा आणखी कोणी संदेष्टा नाही का? ४०० ऐकल्यानंतर हा प्रश्न! अहाबाचं उत्तर इतकं प्रामाणिक आहे की हसू येतं: आहे एक, मीखाया बिन इम्ला, पण मला त्याचा राग येतो, तो माझ्याविषयी कधी चांगलं बोलतच नाही. मग त्याला आणायला जो जासूद जातो तो वाटेत त्याला समजावतो की सगळे एकमुखाने चांगलं बोलतायत, तूही त्यांच्यासारखंच बोल. तो जासूद काही दुष्ट नाही, मला तर वाटतं तो भलेपणानेच सांगत होता. असे भले लोक प्रत्येक मंडळीत असतात, भाऊ कशाला वाद, एकी महत्त्वाची, वगैरे.

मीखाया येतो आणि आधी चक्क तेच बोलतो, जा, यशस्वी हो. आणि अहाबालाच ते सहन होत नाही! खरं सांग म्हणून तुला किती वेळा शपथ घालू, असं तोच म्हणतो. म्हणजे चारशे जणांचं ऐकून समाधान झालेल्या माणसाला आतून माहीत आहे की सत्य कुणाकडे आहे. मग मीखाया सांगतो, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे सगळे इस्राएल डोंगरांवर पांगलेले मला दिसले. सिद्कीया त्याच्या थोबाडीत मारतो. राजा त्याला तुरुंगात टाकतो, थोडी भाकर थोडं पाणी, मी सुखरूप परत येईपर्यंत. अहाब परत येत नाही. मीखायाचं पुढे काय झालं ते शास्त्र सांगतच नाही, सुटला की तिथेच मेला, काही नाही.

पण माझं लक्ष असतं यहोशाफाटाकडे. प्रश्न त्याने विचारला, खरं उत्तर त्याच्या कानांनी ऐकलं, संदेष्ट्याच्या थोबाडीत बसली ती डोळ्यांनी पाहिली, आणि तरी लढाईला गेला. वर अहाबाने वेष बदलला आणि याला सांगितलं तू राजवस्त्रातच राहा, तर तेही ऐकलं, आणि मग अराम्यांचे रथ याच्याच मागे लागले. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं कारण आधीच दिलंय, त्याने अहाबाशी सोयरीक केली होती. मला विचाराल तर ख्रिस्ती लोकांचा सत्तेशी जो संबंध जगभर दिसतो त्यात अहाब कमी आणि यहोशाफाट जास्त आहेत. वाईट माणसं नव्हेत ती. योग्य प्रश्न विचारणारी, खऱ्या संदेष्ट्याला ओळखणारी, आणि संबंध बिघडू नयेत म्हणून तरीही रथात चढणारी.

बंदिवासातल्या यहूद्यांना परत जाऊ देणारा पारसी राजा कोरेश, त्याचं उदाहरण हल्ली फार ऐकू येतं. अमेरिकेत २०१६ पासून तर ते राजकीय भाषणांत आलंय, की नेता स्वतः देवभीरू नसला तरी काय झालं, कोरेशही नव्हता, तरी देवाने त्याला आपला अभिषिक्त म्हटलं. खरंय, यशया ४५ मध्ये म्हटलंय. पण त्याच अध्यायात दोनदा म्हटलंय की तू मला ओळखत नसतानाही, म्हणजे भर आहे तो देवाच्या मोकळेपणावर, कोरेशाच्या गुणांवर नाही. बंदिवासातल्या लोकांना कोणी कोरेशाचा प्रचार करायला सांगितलेलं नाही, त्याच्या चुका झाकायला तर नाहीच. आणि एक गोष्ट या तुलनेत कोणी पुढे नेतच नाही: कोरेशाचंच ते पारसी साम्राज्य, काही दशकांनी त्याच्या गादीवर अहश्वेरोश बसला आणि त्याने आपल्या बोटातली शिक्क्याची अंगठी काढून हामानाला दिली. ज्या दरबारातून मंदिर बांधायचा हुकूम निघाला त्याच दरबारातून यहूद्यांच्या कत्तलीचा हुकूम निघाला. ज्यांनी आपली सगळी आशा राजवाड्यावर ठेवली असेल त्यांनी एज्रा आणि एस्तेर ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.

यावर नेहमीचं उत्तर असतं की बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत राहून काम करावं, नेता आपलं ऐकतो. या मुद्द्यात दम आहे, मी तो उडवून लावणार नाही. ओबद्या अहाबाच्याच वाड्याचा कारभारी होता आणि अहाबाची राणी ईजबेल संदेष्ट्यांना मारत होती तेव्हा त्याने १०० जणांना ५०-५० करून गुहेत लपवलं आणि दुष्काळात भाकर-पाणी पुरवलं. एबद-मलेख, कूशी माणूस, यहूदाच्या सिद्कीया राजाच्या (शिंगंवाला सिद्कीया वेगळा) वाड्यातला खोजा, यिर्मया संदेष्टा चिखलाच्या हौदात मरायला टाकलाय हे ऐकून तडक राजाकडे गेला, परवानगी काढली, माणसं घेतली, आणि जुन्या चिंध्या दोराने खाली सोडल्या, काखेत घे म्हणजे दोर काचणार नाही. त्या चिंध्यांचा तपशील शास्त्रात का आलाय माहीत नाही पण मला तो फार आवडतो. आतल्या माणसाने काय करावं ते यात आहे: त्याने आपली जागा वापरली ती हौदातल्या माणसासाठी.

पण 'ऐकतो' याने काही सिद्ध होत नाही. हेरोद राजाही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं ऐकायचा की, मार्क स्पष्ट लिहितो की त्याला त्याचं बोलणं आवडायचं, तो त्याला नीतिमान मानायचा, आणि तरी ताटात डोकं आलंच. रोमी सुभेदार फेलिक्स कैदेतल्या पौलाला वरचेवर बोलावून घ्यायचा, गप्पा मारायचा, लाच मिळेल या आशेने, आणि दोन वर्षांनी जाताना यहूद्यांची मर्जी राखायला त्याला तसाच कैदेत सोडून गेला. नेत्यासोबत प्रार्थनेचे फोटो निघतात, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिले जातात, छान आहे. पण त्या भेटीत कुठल्या उरीयाचं नाव निघालं का, एवढंच विचारावं.

आणि योसेफाचं काय? विश्वासू माणूस सत्तेत आला की कसं भलं होतं याचं हे आवडतं उदाहरण, आणि त्याने पुष्कळ जीव वाचवले हे खरंच आहे. पण उत्पत्तीचा ४७ वा अध्याय शेवटपर्यंत कोण वाचतं? दुष्काळात त्याने धान्य विकून आधी लोकांचा पैसा घेतला, मग गुरंढोरं, मग जमिनी, मग ते लोकच फारोचे दास झाले. फक्त याजकांच्या जमिनी सुटल्या, कारण त्यांना फारोकडून नेमणूक होती. पुढे त्याच मिसरात योसेफाच्याच भावांचे वंशज दास झाले. शास्त्र यावर टिप्पणी करत नाही, गप्पपणे नोंदवून ठेवतं, पण आपण तरी वाचताना थांबायला हवं.

इतिहासात हे चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. मिलानचा बिशप अँब्रोज याची गोष्ट मंडळीच्या इतिहासात अभिमानाने सांगतात: ३९० साली सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने थेस्सलनीकात हजारो लोकांची कत्तल केली तेव्हा अँब्रोजने त्याला पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजन द्यायला नकार दिला, आणि सम्राट खरोखर नमला. नाथानाच्या वळणाचं काम. पण दोनच वर्षं आधी, ३८८ मध्ये, कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावाने यहूद्यांचं सभास्थान जाळलं होतं आणि सम्राटाने तिथल्या बिशपाला ते बांधून द्यायला सांगितलं होतं, तेव्हाही हाच अँब्रोज याच सम्राटासमोर उभा राहिला आणि हुकूम मागे घ्यायला लावला. माणूस तोच, निर्भयपणाही तोच. पण एकदा तो मेलेल्यांसाठी उभा राहिला आणि एकदा जाळणाऱ्यांसाठी. म्हणून सत्तेपुढे ताठ उभं राहणं एवढ्यावर मी कोणाला संदेष्टा म्हणणार नाही. तो कोणासाठी उभा आहे ते बघावं लागतं.

१९३४ च्या मे महिन्यात बार्मेन इथे जर्मन मंडळ्यांतल्या काही लोकांनी घोषणा केली की मंडळीचा प्रभू ख्रिस्त आहे, कुठलाही नेता नाही. हिटलरच्या राजवटीत ते करणं जोखमीचं होतं, त्याचा मान ठेवायलाच हवा. पण त्या घोषणेत ज्यूंबद्दल एक शब्द नाही. मंडळीच्या कारभारात सरकारने हात घातला तेव्हा आवाज फुटला, शेजाऱ्याच्या दारावर खूण पडली तेव्हा नाही. डोळे उघडलेल्या माणसांचंही असं होतं, मग बाकीच्यांचं काय सांगावं.

याच्या उलट दक्षिण आफ्रिकेतला बेयर्स नॉडे. हा डच रिफॉर्म्ड चर्चचा पाळक, म्हणजे त्याच चर्चचा ज्यातल्या पंडितांनी बाबेलच्या बुरुजाचा दाखला देऊन वर्णभेदाला शास्त्राचा आधार पुरवला. ब्रुडरबाँड ही तिथल्या आफ्रिकानर पुढाऱ्यांची गुप्त संघटना, त्याचे वडील तिच्या स्थापनेतले आणि तो स्वतः सभासद. थोडक्यात, राजा पूर्ण आपला. १९६० मध्ये शार्पव्हिल इथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली आणि हा माणूस शास्त्र परत वाचायला बसला. १९६३ मध्ये त्याने ती संघटना सोडली आणि पाळकपणही गेलं. मग १९७७ पासून सात वर्षं सरकारने त्याच्यावर बंदी घातली, एका वेळी एकाहून जास्त माणसाला भेटायचं नाही. आपलेच लोक रस्त्यात तोंड फिरवायला लागले की कसं वाटतं हे भट्टीवरच्या संदेशात येत नाही.

रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय कोणी तरी काढणारच, काढलाच पाहिजे. सगळा अधिकार देवाने नेमलेला, म्हणून अधीन राहा. पौलाने हे लिहिलं तेव्हा रोममध्ये नीरो गादीवर होता, त्यामुळे चांगलं सरकार असेल तर अधीन राहा असली पळवाट मी काढणार नाही. पण हाच पौल फिलिप्पैमध्ये काय करतो? फटके मारून तुरुंगात टाकल्यावर सकाळी अधिकारी गुपचूप सोडायला निघाले तर हा म्हणतो, चालणार नाही, आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीशिवाय सगळ्यांसमोर मारलंत, आता स्वतः या आणि बाहेर काढा. आणि ते आले, माफी मागितली! अधीन राहणं म्हणजे अन्यायाचं नाव न घेणं, असं निदान पौलाला तरी वाटत नव्हतं. शिवाय अधिकार देवाने दिला असेल तर त्याचा हिशोबही देवाकडे द्यावा लागेल, ख्रिस्त त्याचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताला साधारण तेच सांगतो, वरून दिला नसता तर तुझा माझ्यावर अधिकार नसता. ज्याला हे पटलंय तो राजाला घाबरून गप्प कशाला बसेल? तरीही ताण पूर्ण मिटत नाही हे कबूल. रोमकरांस १३ आणि प्रकटीकरण १३, एकीकडे देवाचा सेवक आणि दुसरीकडे समुद्रातून वर येणारं श्वापद, दोन्ही एकाच नव्या करारात आहेत, आणि बहुधा एकाच रोमबद्दल.

दुसरा एक आक्षेप की मंडळीने राजकारणात पडूच नये, फक्त सुवार्ता सांगावी. ऐकायला पवित्र वाटतं. पण बेथेलचा याजक अमस्या आमोस संदेष्ट्याला हेच म्हणाला होता, यहूदात जा, तिकडे भाकर खा, तिकडे संदेश दे, इथे बोलू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे. याजकाच्या तोंडून हे निघालं! आमोस काय बोलत होता, तर गरिबाला पायातल्या एका जोड्यासाठी विकतात, तराजूत लबाडी करतात. त्याला राजकारण म्हणायचं तर म्हणा.

हे सगळं लिहिताना एक धास्ती आहे, की जिथे ख्रिस्ती लोक थोडे आहेत, कमजोर आहेत, जिथे एक वाक्य बोललं की घर जळतं, तिथल्या लोकांना कोणी हे वाचून भित्रे म्हणू नये. शास्त्र लपण्याला भित्रेपणा म्हणत नाही. देवानेच एलीयाला करीथ ओहळाकाठी लपवलं. यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी यहोयाकीम राजाने चाकूने कापून शेगडीत जाळली तेव्हा यिर्मया आणि त्याचा लेखक बारूख लपूनच होते, आणि नंतर यिर्मयाने ती पुन्हा लिहवून घेतली, वर आणखी भर घातली. बाळ येशूला घेऊन योसेफ रात्रीच मिसरात निघाला. इब्री मुलगे जन्मताच मारा असा हुकूम मिळालेल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी फारोला सरळ तोंडावर सांगितलं की इब्री बायका आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात, आणि पोरं जगली. अशक्ताच्या गप्प राहण्याचा आणि मेजवानीला बसलेल्याच्या गप्प राहण्याचा हिशोब एकच कसा असेल. माझा वाद आहे तो दुसऱ्याशी, ज्याला बोललं तर फार तर पुढचं आमंत्रण येणार नाही.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा असं पौल तीमथ्याला सांगतो, ती आपण करतोही. आता तिच्यात एकदा, आपण ज्याला मत दिलं त्याच नेत्याने ज्याचं घर पाडलं, ज्याला विनाचौकशी डांबलं, त्या माणसाचं नाव घेऊन बघा, मंडळीत काय होतं ते. मला वाटतं पहिली कुजबुज त्या जासुदासारख्या एखाद्या भल्या भावाचीच असेल.

यहोशाफाट वाचला, हे सांगायचं राहिलं. रामोथहून तो जिवंत यरुशलेमेत परतला आणि त्याला सामोरा आला येहू बिन हनानी. हा हनानी कोण, तर यहोशाफाटाचा बाप आसा याला त्याने एकदा खरं सुनावलं होतं आणि आसाने त्याला खोड्यात घातलं होतं. बापाला तुरुंग दाखवणाऱ्या राजघराण्यासमोर मुलगा जातो आणि विचारतो, दुर्जनाला साहाय्य करणं तुला शोभतं का? यहोशाफाटाने याला खोड्यात घातलं नाही. पुढे त्याने नगरोनगरी न्यायाधीश नेमले आणि त्यांना बजावलं की तुम्ही माणसांच्या वतीने नाही, परमेश्वराच्या वतीने न्याय करता, तोंड पाहून निवाडा नको, लाच नको. अर्थात पुढच्याच अध्यायात त्याने अहाबाच्या पोराशी, अहज्याशी, भागी करून जहाजं बांधली, आणखी एका संदेष्ट्याला येऊन बोलावं लागलं, आणि ती जहाजं एस्योन-गेबेरलाच फुटली.